गालावरचे कोळी आणि कपाटातली ट्यूब

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी निफाड तालुक्यातली, वय ३९. आमची द्राक्षबाग आहे, त्यामुळे उन्हातलं काम सुटत नाही. गेले पाच-सहा महिने दोन्ही गाल लाल होतात, चुरचुरतात, बारीक पुरळ येते. हात फिरवला तर किसणीसारखं लागतं. गॅससमोर भाकरी भाजायला उभं राहवत नाही. शेवटी नाशिकला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी काचेची पट्टी कसल्याशा डिंकाने गालाला चिकटवली, मिनिटभराने ओढून काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मलाच दाखवली. मॅडम, त्यात किडे होते! लांबट, अळीसारखे, पुढच्या बाजूला आखूड पाय. एक तर चक्क हलत होता. डॉक्टर म्हणाले, "डेमोडेक्स आहेत, जरा जास्त झालेत, घाबरू नका," आणि आयव्हरमेक्टिनचं क्रीम लिहून दिलं. बाहेर एवढी गर्दी होती की मी काही विचारलं नाही.

क्रीम अजून लावलेलं नाही. मिस्टरांनी नाव वाचलं आणि म्हणाले, "हे तर आपण गाईला गोचिडासाठी टोचतो." सासूबाई म्हणतात ही खरूजच आहे, नाहीतर अंगणातल्या कुत्र्याची लूत. माझं ताट-तांब्या वेगळं झालं नाही एवढंच. मी घरातल्या सगळ्या गोधड्या उकळून काढल्या. दिवसातून सात-आठ वेळा जंतुनाशक साबणाने तोंड धुते, रात्री खोबरेल तेलात कापूर घालून लावते. तरी दिवा मालवला की गालावर चालल्यासारखं वाटतं. मोबाइलवर वाचलं की ते रात्री बाहेर येतात, तोंडावरच अंडी घालतात आणि घाणही करतात. खरं आहे का? टी ट्री ऑइलची बाटली मागवून ठेवली आहे.

चेहऱ्यासाठी मी एरवी काही लावत नाही. वांग आले होते तेव्हा जाऊबाईंनी दिलेली ट्यूब दोनेक वर्षं लावत होते, ती छान लागू पडली होती. आता मध्येमध्ये बंद करते, पण बंद केली की आठ दिवसांत चेहरा पेटतो म्हणून परत थोडी लावते.

धाकट्या बहिणीची मुलगी सहा महिन्यांची आहे. ती बाळाला घेऊन येणार आहे. मी बाळाला घेऊ का नको? हे किडे कायमचे जातील असं काही सांगा.

— एक वाचक

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा किड्यांसाठी आणि दुसऱ्यांदा शेवटाकडच्या त्या दोन ओळींसाठी, ज्यांची सुरुवात तुम्ही "एरवी काही लावत नाही" अशी केलीत. त्या ओळींकडे मी येणारच आहे, कारण सगळं उत्तर तिथे आहे. पण रात्री तुम्हाला झोप लागत नाही ती किड्यांमुळे, म्हणून आधी त्यांचा हिशेब करू.

बाळाला घ्या. हे सगळ्यात पहिल्यांदा सांगते, म्हणजे बाकीचं पत्र तुम्ही स्वस्थपणे वाचाल.

तुम्ही पाहिलात तो प्राणी कोळ्याच्या गोतावळ्यातला आहे. त्याला अळीसारखं अंग आणि आखूड आठ पाय असतात. तुमच्या बागेत पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी पडतो ना, त्याचाच हा दूरचा भाऊबंद. माणसाच्या चेहऱ्यावर याच्या दोन जाती राहतात. मोठी जात जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांब असते आणि केसाच्या मुळाशी, छिद्राच्या तोंडाजवळ राहते. धाकटी तिच्या निम्म्याने असते आणि खोल, तेलाच्या ग्रंथीत बसते. बर्लिनच्या गुस्ताव सिमॉन नावाच्या डॉक्टरने १८४२ साली तारुण्यपीटिकांमध्ये काय आहे ते तपासताना याचं वर्णन केलं. पुढच्या वर्षी रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला डेमोडेक्स हे नाव दिलं. ग्रीक भाषेतल्या 'चरबी' आणि 'लाकूड पोखरणारा किडा' अशा दोन शब्दांचा तो जोड आहे. नाव भयंकर वाटतं खरं, पण हा पोखरत वगैरे नाही. त्वचेच्या पेशी आणि तेलकट स्राव यांवर तो जगतो.

आता ऐका. हे किडे तुमच्या मिस्टरांच्या चेहऱ्यावर आहेत, सासूबाईंच्या आहेत, नाशिकच्या त्या डॉक्टरांच्या आहेत आणि हे उत्तर लिहिणाऱ्या माझ्याही आहेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये २०१४ साली काही लोकांच्या चेहऱ्यावरचा थोडा स्राव घेऊन तपासला. सूक्ष्मदर्शकाखाली फक्त १४ टक्के प्रौढांमध्ये किडा दिसला. पण त्याच्या डीएनएचा माग काढला तेव्हा १८ वर्षांवरच्या झाडून सगळ्यांकडे तो सापडला. तपासणी थोड्याच लोकांची होती, तरी त्वचेचे डॉक्टर इतकी वर्षं जे म्हणत होते त्याला ती धरूनच होती. वय वाढतं तसे हे वाढत जातात. म्हणजे सासूबाईंनी तुमच्याकडे बोट दाखवण्याआधी आपलं वय आठवावं. हे त्यांना ऐकवू नका, मनात ठेवा.

जन्मलेल्या बाळाच्या अंगावर ते नसतात. आईच्या, आजीच्या, मावशीच्या गालाला गाल लागून ते हळूहळू येतात. २०१५ सालच्या एका अभ्यासात तर असं दिसलं की या किड्यांच्याही घराण्यासारख्या ओळी असतात. माणसं देश सोडून दुसरीकडे स्थायिक झाली तरी त्यांच्या पूर्वजांच्या प्रदेशातली किड्यांची ओळ त्यांच्याबरोबर राहते, आणि घरातल्या घरात ती एकमेकांकडे जाते. म्हणजे माहेरून तुम्ही जे काही आणलंत, त्यात पितळी डबे आणि पायलीभर हट्टीपणा यांच्याबरोबर हेही असणार. तुमच्या भाचीला ते तिच्या आईकडून, म्हणजे तुमच्याच माहेरच्या ओळीतून, मिळणारच आहेत. त्यात तुमच्या पाप्यांनी काही बिघडत नाही.

मोबाइलवर वाचलेलं बरंचसं खरं आहे, फक्त ते भीती वाटेल अशा सुरात सांगितलेलं असतं. हे रात्री बाहेर येतात, कारण त्यांना उजेड सोसत नाही. छिद्राच्या तोंडाशी त्यांचा समागम होतो, मग मादी आत जाऊन अंडी घालते. अंड्यापासून मरणापर्यंतचा सगळा संसार दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. चालण्याचा वेग म्हणाल तर तासाला ८ ते १६ मिलिमीटर. रात्रभर न थांबता चालला तर हनुवटीवरून निघालेला कपाळापर्यंत जेमतेम पोचेल. इतक्या लहान आणि इतक्या संथ प्राण्याचं चालणं माणसाला कळूच शकत नाही. दिवा मालवल्यावर तुम्हाला जे चालल्यासारखं वाटतं, ती दुखावलेल्या त्वचेची चुरचुर आहे. दिवसभर कामात ती दबून राहते, रात्री लक्ष तिच्याकडे जातं. आणि त्या काचपट्टीवरचं चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही, त्यामुळे चुरचुरीला पाय फुटतात. मी स्वतः शिकत असताना पहिल्यांदा हा किडा पाहिला, त्यानंतर आठवडाभर माझेही गाल खाजत होते. तेव्हा तुम्ही भित्र्या आहात असं मुळीच नाही.

घाणीचा प्रश्न तुम्ही संकोचून विचारलात, पण त्याची गोष्ट मोठी मजेची आहे. कितीतरी वर्षं असं मानलं जायचं की या किड्याला गुदद्वारच नाही. आयुष्यभराची घाण तो पोटात साठवतो आणि मेल्यावर ती एकदम आपल्या त्वचेत सांडते, त्यानेच म्हणे चेहऱ्याला दाह होतो. २०२२ साली ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या अलेहांद्रा पेरोट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या किड्याची जनुकं आणि शरीर बारकाईने तपासलं. तेव्हा दिसलं की गुदद्वार आहे, बिचाऱ्यावर उगाच आळ आला होता. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. माणसाच्या छिद्रात पिढ्यान्‌पिढ्या सुखात राहून या किड्याने आपली कितीतरी जनुकं गमावली आहेत. स्वतंत्र जगायला लागणारं सामान त्याच्याकडे उरलेलं नाही. परजीवीपणा सोडून आपल्याबरोबर नुसतं राहण्याकडे त्याचा प्रवास चालला आहे, असं हे संशोधक म्हणतात. तुमच्या गोधडीत तो संसार थाटणार नाही. अंगाबाहेर पडला की वाळून मरतो. त्यामुळे गोधड्या उकळण्याची मेहनत वाया गेली, फार तर धुणं झालं म्हणा. उशीचा अभ्रा आठवड्याला बदला, आपला टॉवेल आपण वापरा. एवढं पुरे.

सासूबाईंच्या शंकेलाही उत्तर द्यायला हवं, कारण खरूज ही खरी गोष्ट आहे आणि ती वेगळी आहे. खरजेचा किडा वेगळा. त्याची मादी त्वचेच्या वरच्या थरात बारीक बोगदा करून राहते. खाज बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला, काखेत उठते आणि रात्री झोपू देत नाही. मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर ती सहसा येत नाही. घरात एकाला झाली की महिना-दीड महिन्यात बाकीचेही खाजवायला लागतात. म्हणूनच खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं असतं, कपडे-पांघरुणंही त्याच दिवशी गरम पाण्यात काढायची असतात. सासूबाईंनी त्यांच्या काळी हेच पाहिलं असणार, म्हणून त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. तुमच्या पत्रात मात्र खाज फक्त गालांना आहे, बोटांच्या बेचक्यांचं नाव नाही, घरात दुसऱ्या कुणाला काही नाही, आणि डॉक्टरांनी किडा डोळ्यांनी पाहून ओळखला आहे. तेव्हा ही खरूज नव्हे.

कुत्र्यालाही सोडून द्या. कुत्र्याच्या डेमोडेक्सची जात निराळी असते, ती माणसावर नांदत नाही. मात्र त्याला खरोखर लूत लागली असेल, केस जाऊन खपल्या धरल्या असतील, तर गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. लुतीचा एक प्रकार कुत्र्याच्या खरजेचा असतो आणि त्याने माणसाला चार दिवस अंगावर खाज सुटू शकते. पण गालावरच्या लालीशी त्याचा संबंध नाही.

आता मूळ प्रश्न. सगळ्यांच्याच चेहऱ्यावर हे किडे असतात, तर तुमच्याच चेहऱ्यावर ते उसळले का?

हे तुम्हाला माझ्यापेक्षा तुमचे मिस्टर चांगलं समजावतील. बागेत लाल कोळी थोडा नेहमीच असतो. त्याला खाणारे मित्रकीटकही पानांवर असतात, म्हणून तो हाताबाहेर जात नाही. मग कुणीतरी दुसऱ्याच किडीसाठी जहाल औषधाचे फवारे मारतो. चार दिवस बाग स्वच्छ दिसते. पण त्या फवाऱ्यात मित्रकीटक मेलेले असतात, आणि बघता बघता कोळी पानं तांबूस करून सोडतो. शेतकरी म्हणतो, कोळी आला. कृषी अधिकारी विचारतो, त्याआधी काय मारलंत?

ताई, मीही तेच विचारते आहे. त्याआधी काय लावलंत?

जाऊबाईंची ती ट्यूब. मी ती पाहिलेली नाही, पण दोन वर्षं लावली, वांग झटक्यात फिके झाले, आणि बंद केली की आठ दिवसांत चेहरा पेटतो, या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता फार मोठी. ट्यूब उजेडात धरा आणि बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल तर आपला चोर सापडला. वांगांसाठी मिळणाऱ्या बऱ्याच मिश्रणांत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांच्याबरोबर यांतलं एखादं असतंच. डॉक्टर ते काही आठवड्यांसाठी, नजर ठेवून देतात. औषध वाईट नाही, योग्य जागी ते फार गुणी आहे. पण ते दोन वर्षं, आरशापुढे, स्वतःच्या मनाने लावायचं क्रीम नव्हे.

स्टिरॉइड चेहऱ्यावर दोन कामं करतं. ते रक्तवाहिन्या आकसून घेतं आणि दाह दाबतं, म्हणून चेहरा उजळ, नितळ दिसतो आणि सगळ्या नातेवाइकांत त्या ट्यूबचं कौतुक होतं. त्याच वेळी ते त्वचेची राखण करणारी प्रतिकारशक्ती झोपवतं आणि त्वचा पातळ करत जातं. राखणदार झोपला की किडे निर्धास्त वाढतात. ट्यूब बंद केली की आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात, दाबून ठेवलेला दाह उसळतो, गाल पेटतात. मग माणूस घाबरून परत ट्यूब लावतो आणि दोन दिवसांत बरं वाटतं. तुम्ही याच चक्रात आहात. दारूच्या उताऱ्याला दारू, तसं हे चाललं आहे. हे इतक्या घराघरांत झालं आहे की आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा असं वेगळं नावच दिलं. त्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. कागदावर नियम झाला. मेडिकलच्या काउंटरवर काय होतं ते तुम्ही आणि मी दोघीही जाणतो.

म्हणून पहिलं काम असं, की ट्यूब पिशवीत घालून त्याच नाशिकच्या डॉक्टरांकडे परत जा. त्यांनी तपासणी नीट केली आहे. डिंकाच्या काचपट्टीने एक चौरस सेंटिमीटर जागेतले किडे मोजतात. पाचापर्यंत आढळले तर ते चालायचंच, त्यावर गेले तर जास्त झाले असं धरतात. पण तुम्ही ट्यूबबद्दल सांगितलं नाही, त्यामुळे त्यांच्या हातात अर्धीच गोष्ट आहे. लाज वाटली असेल, गर्दीत सुचलं नसेल. दर ओपीडीत माझ्यासमोर एखादी बाई तरी "काही लावत नाही" म्हणते आणि निघता निघता पर्समधून ट्यूब काढते. कुणी रागावलंच तर ऐकून घ्या. पण बाहेर पडायच्या आधी दोन गोष्टी विचारा. ट्यूब एकदम बंद करायची की सौम्य औषधावर आणून उतरवत न्यायची, आणि मधल्या दिवसांत चेहरा भडकला तर काय लावायचं. काहींना थोडे दिवस वेगळ्या वर्गातलं, स्टिरॉइड नसलेलं मलम देतात, काहींना पोटातून डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर हे आधी सांगायचं, कारण ते औषध तेव्हा चालत नाही. हे सगळं तुमचा चेहरा पाहून ठरवायचं असतं, पत्रावरून नाही.

पहिले पंधरा दिवस ते महिना वाईट जातील, हे आत्ताच सांगून ठेवते. चेहरा आजच्यापेक्षा लाल होईल, आणि जाऊबाई म्हणतील, "बघ, चांगलं चाललं होतं." तेव्हाच टिकायचं आहे. त्वचा पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. आणि एक लक्षात ठेवा, मी फक्त लावायच्या ट्यूबबद्दल बोलते आहे. घरात कुणी दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेत असेल, तर हे वाचून त्या मुळीच बंद करू नयेत. त्या अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.

आता मिस्टरांचं आयव्हरमेक्टिन. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, औषध एकच. ते जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून आलं, आणि त्या कामासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. गाईला चालतं म्हणून ते माणसासाठी कमी दर्जाचं होत नाही. आफ्रिकेत याच औषधाने लाखो लोकांना नदीकाठच्या माश्यांमुळे येणाऱ्या आंधळेपणापासून वाचवलं आहे. चेहऱ्यासाठी त्याचं १ टक्का क्रीम मिळतं, ते किडे कमी करतं आणि दाहही उतरवतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रात्री पातळ थर लावा. परिणाम दिसायला अनेक आठवडे जातात आणि तीन महिन्यांनी खरा अंदाज येतो, म्हणून आठवड्यात सोडून देऊ नका. पण गोठ्यातली बाटली गोठ्यातच राहू दे. ती टोचायची, प्यायची किंवा चेहऱ्याला लावायची नाही. तिची ताकद गाईच्या वजनाच्या हिशेबाने ठरवलेली असते. कोरोनाच्या दिवसांतल्या उरलेल्या गोळ्याही तशाच गिळू नका. आणि मिस्टरांनी अजून सुचवलं नसेल तर सुचवतील म्हणून आधीच सांगते, भुरीवर मारायचं सल्फर चेहऱ्यावर चालणार नाही. गंधकाचे साबण-मलमं असतात हे खरं, पण तुमच्या पातळ झालेल्या त्वचेला सध्या तेही नको.

तोंड सात-आठ वेळा धुणं आजपासून बंद. जंतुनाशक साबण भांड्यांच्या साबणाइतकाच तुमच्या गालांना परका आहे. सकाळ-रात्र दोनदा, कोमट पाण्याने, सौम्य फेसवॉशने धुवायचं आणि टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. त्यावर वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर लावा. कापराचं तेल बंद, कारण कापूर या त्वचेला जाळतो आणि तेलकट लेपाखाली किड्यांचं फावतं. लिंबू, हळद-बेसन, कडुनिंबाचा पाला वाटून, यांतलं काहीही काही महिने नको. कडुनिंबावर माझा राग नाही, पण सोललेल्या गुडघ्यावर तो चोळाल का? तुमचे गाल सध्या तसेच आहेत. बागेत जाताना झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लावा आणि वर सुती ओढणी बांधा. फवारणी चालू असताना मात्र शक्यतो बागेत जाऊच नका. भाकऱ्या काही दिवस दुसऱ्या कुणाकडे सोपवता आल्या तर बघा. गरम चहा आणि झणझणीत रस्सा यांनी गाल तापतात, म्हणून चहा कोमट करून प्या. रश्शाबद्दल मी आग्रह धरत नाही, निफाडच्या माणसाला तेवढी शिक्षा नको.

टी ट्री ऑइलची बाटली फोडली नसेल तर परत करा. त्यातला एक घटक या किड्यांना मारतो, ते खरं आहे. पण कच्चं तेल चेहऱ्याला भाजतं आणि डोळ्यात गेलं तर डोळ्याला इजा करतं. पापण्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, तरी आरशात पाहा. केसांच्या बुडाशी कोंड्याच्या बांगडीसारखी सालपटं दिसली, सकाळी डोळे चिकटत असले, खाजत असले, तर किडे तिथेही वाढलेत असं समजा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. अमेरिकेत २०२३ साली खास यासाठी डोळ्यात घालायचे थेंब मंजूर झाले आहेत. पण परदेशातल्या कुणा नातलगाला ते पाठवायला सांगण्याची गरज नाही, पापण्या नीट पुसून साफ ठेवण्यानेही खूप फरक पडतो. काजळाची जुनी डबी मात्र टाका आणि नवी कुणाशी वाटून घेऊ नका. डोळा दुखू लागला, धूसर दिसू लागलं, किंवा चेहरा सुजून ताप आला, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि ती काचपट्टीची तपासणी घरी झटपट चिकटणाऱ्या डिंकाने करून बघू नका. हसू नका, एका हुशार मुलाने केली होती. गालाचं सालटं घेऊन माझ्याकडे आला.

तुम्ही विचारलंत, कायमचे जातील का. नाही जाणार ताई, आणि जायला नकोत. औषधाने ते कमी होतील, गाल शांत होतील. मग थोडे परत येतील आणि इतरांच्या चेहऱ्यावर राहतात तसे गुपचूप राहतील. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना किड्यांचा आकडा विचारण्यापेक्षा चुरचुर कमी झाली का, उन्हात गाल किती तापतात, तेच स्वतः पाहा. वांग पुन्हा थोडे गडद होतील. त्यांच्यासाठी स्टिरॉइडशिवायचे उपाय आहेत, पण ते त्वचा सावरल्यावर. आधी नाही.

बहीण आली की जाऊबाईंनाही चहाला बोलवा. त्या अजून ती ट्यूब लावतात का, हे सहज विचारा, आणि त्यांना खिडकीच्या बाजूला बसवून त्यांचे गाल जरा उजेडात बघा.